हँडल लॉक करू नका

चष्म्याची काडी मोडली आणि दुकान मिरजकर तिकटीला, म्हणून भर दुपारी तिकडं जावं लागलं, नाहीतर तीन वाजता घराबाहेर पडणाऱ्यातला मी नाही. गेलो खरा, पण गाडी लावायची कुठं? केशवराव भोसले नाट्यगृहाचं काम चाललंय, त्याला पत्रे मारलेत, आणि ऊन कललं की त्या पत्र्यांच्या कडेनं हातभर सावली पडते. त्या हातभर सावलीत अख्ख्या कोल्हापूरच्या टू व्हीलर. शेवटी एक फट दिसली, घातली गाडी, स्टँडला लावली, आणि हँडल डावीकडं वळवून किल्ली दाबणार तेवढ्यात शिट्टी वाजली.

"हँडल लॉक करू नका, सायेब. नुसती ठिवा."

मागं वळून बघितलं तर वॉचमन. वय साठीच्या आसपास, डोक्यावर साईटचं पिवळं हेल्मेट, गळ्यात शिट्टी, आणि पायात आपलं अस्सल कोल्हापुरी पायताण. मी विचारलं का, तर म्हणाला, मिक्सर यायचाय, सरकवाय लागतंय. मी म्हटलं, मामा, गाडी गेली तर? त्यावर त्यानं माझ्या गाडीकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि काही बोलला नाही. तेवढं पुरलं.

आता हँडल लॉक न करणं ही ज्याला साधी गोष्ट वाटते त्यानं आमचं घराणं बघितलेलं नाही. आमच्यात गाडी लॉक करायची, मग हँडल ओढून बघायचं, दहा पावलं जायचं, परत यायचं, पुन्हा ओढून बघायचं, अशी रीत आहे. रात्री झोपताना मी अजून खिडकीतून खाली बघतो, आणि हँडल सरळ दिसलं की चप्पल घालून खाली उतरतो. बायको म्हणते ती वीस वर्षं जुनी गाडी न्यायला कोण येणार आहे. पण तो मुद्दाच नाही. त्यामुळं चष्म्याच्या दुकानात तो माणूस काय फ्रेम दाखवत होता, काय सांगत होता, माझं निम्मं लक्ष पत्र्याकडं.

वडिलांचंही असंच होतं आणि तेही याच नाट्यगृहापाशी. तेव्हा आमच्याकडं सायकल, हर्क्युलस, नवी घेतलेली. रात्री नऊचं नाटक असलं की आई शेजारच्या बायकांबरोबर चालत पुढं जायची आणि मी वडिलांच्या पुढ्यात दांडीवर, दांडीला टॉवेल गुंडाळलेला. बाहेर सायकल स्टँड. स्टँड म्हणजे काय, चार मेखा, एक दोरी, एक बल्ब आणि तारेत ओवलेले पत्र्याचे बिल्ले. एकाच नंबरचे दोन, एक हँडलला अडकवायचा, एक आपल्या हातात. स्टँडवाला सगळ्यांना मास्तरच म्हणायचा, वडील बँकेत होते तरी मास्तर. "मास्तर, कुलूप नको." वडील म्हणायचे, नवी आहे हो. "नवी असू द्या न्हाईतर म्हाराजांची असू द्या, हितं कुलूप न्हाई."

मग नाटक कसलं नि काय. पहिला अंक संपला, पडदा पडायच्या आत वडील उठलेले. लोक वड्याकडं पळाले, आम्ही सायकलीकडं. आणि सायकल जागेवर नाही. मला अजून वडिलांचा तो चेहरा आठवतो, बल्बच्या उजेडात एकदम पांढरा पडलेला, हातात बिल्ला घट्ट धरून उभे. स्टँडवाला बिडी ओढत बसला होता, त्यानं नुसतं बोटानं दाखवलं. सायकल अगदी बाहेरच्या ओळीत, रस्त्याकडं तोंड करून. म्हणाला, पोरगं ल्हान हाय न्हवं तुमचं, ते तिसऱ्या अंकात झोपणार, मग तुमी मधनंच उठणार, म्हणून भाईर काढून ठिवली.

झोपलो की नाही आठवत नाही. बहुतेक झोपलोच असणार. पण त्या माणसानं शेकडो सायकली अशाच लावल्या असणार, कोण आधी उठणार, कोण शेवटपर्यंत थांबणार, कोण मधेच विड्या आणायला बाहेर येणार, हे चेहऱ्यावरून ओळखून. कुलूप असतं तर त्याला हे जमलं नसतं.

तर हे नाट्यगृह. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ साली सुरू झालं, तेव्हा पॅलेस थिएटर. १९५७ मध्ये संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं. शेजारी खासबाग कुस्ती मैदान. महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते, तिकडं रोमचं ते गोल मैदान बघून आले आणि मग हे खासबाग, असं सांगतात. मला नेहमी वाटतं की महाराजांनी एवढा सगळा विचार केला, लांबच्या माणसालाही पैलवान नीट दिसावा म्हणून बसायची जागा चढती केली, तर मैदानाला आलेल्या गाड्यांचं काय केलं असेल? हजारो माणसं खेड्यापाड्यातनं बैलगाड्या जुंपून येणार. बैल सोडणार कुठं, वैरण टाकणार कुठं, आणि कुस्ती सुटल्यावर अंधारात आपली जोडी शोधणार कशी? अर्थात बैलाला मालकाचा आवाज कळतो. ॲक्टिव्हाला कळत नाही. पांढऱ्या ॲक्टिव्हा शंभर असतात आणि आपण दुसऱ्याच्या ॲक्टिव्हाला किल्ली लावून हिसके देत बसतो.

चष्मा होईपर्यंत तासभर लागणार होता, म्हणून परत त्या पत्र्याशी आलो. (गाडी होती. पण दोन हात पुढं.) वॉचमनला चहा पाजला आणि मग त्यानं सगळं शास्त्रच सांगितलं. काँक्रीटचा मिक्सर येतो तेव्हा तो थांबू शकत नाही, प्लांटवर माल भरला की साधारण दोन तासांत रिकामा करायचा असतो, तोपर्यंत ड्रम फिरत ठेवायचा, उशीर झाला तर माल घट्ट व्हायला लागतो आणि मग तो वापरता येत नाही. एका ड्रममध्ये सहा घनमीटर, म्हणजे नुसता मालच चौदा टनांच्या वर, गाडीचं वजन वेगळं. आणि एवढं धूड गल्लीच्या तोंडाशी अडतं कशावर तर एका हँडल लॉक केलेल्या मोटारसायकलवर. लॉक केलेली गाडी ढकलून सरळ जातच नाही, ती जागच्या जागी गोल फिरते. मग चार पोरं बोलवायची, मागचं चाक उचलायचं, फरफटत बाजूला करायची, आणि तेवढ्यात मालक येऊन विचारणार की माझ्या गाडीला हात कुणी लावला.

"आन् आता त्या बॅटरीच्या गाड्या," मामा म्हणाला, "हात लावला की बोंबलत्यात." हे खरं आहे. माझ्या भाच्याची तसली स्कूटर आहे. कुणी हलवली की तिचा सायरन वाजतो आणि भाच्याच्या मोबाईलवर मेसेज येतो, गाडी हलतेय म्हणून. तो राजारामपुरीत ऑफिसात बसलेला, तिथनं धावत येतो. मामानं त्यावर उपाय काढलाय, असल्या गाडीला तो पत्र्याशी येऊच देत नाही. लांबूनच ओळखतो, आवाज नसतो ना गाडीला. म्हणतो, मांजरागत येत्यात.

चारचाकीचं वेगळं. शनिवार-रविवारी अंबाबाईला आलेली माणसं, एमएच बारा, एमएच चौदा, केए पासिंगच्या गाड्या, गुगलनं जिकडं नेलं तिकडं घुसलेल्या. मंदिराजवळ जागा मिळाली नाही की फिरत फिरत खासबागेत येतात. नियमात एका मोटारीला अडीच बाय पाच मीटर जागा धरतात आणि स्कूटरला एक बाय दोन, म्हणजे एका मोटारीच्या जागेत सहा टू व्हीलर सहज, मामाच्या हातात दिल्या तर आठ. म्हणून मोटारवाल्यावर त्याचा राग. पण बोलतो गोड. "ताई, काच खाली घ्या जरा, दर्शन झालं का? न्हाई? मग चालत जावा की, पाच मिन्टं बी न्हाईत, पर नंबर लिवून ठिवा काचंला." ताई मुकाट्यानं नंबर लिहिते.

मला यात गंमत ही वाटते की याला काडीचा अधिकार नाही. पार्किंग कुठं करायचं, कुठं नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या ११७ व्या कलमाप्रमाणे सरकार नाहीतर सरकारनं नेमलेला अधिकारी ठरवतो. हे कलम मला तोंडपाठ आहे कारण आमच्या समोरच्या बंगल्यावर पाटी आहे, 'नो पार्किंग, हवा सोडली जाईल', आणि मी त्या पाटीकडं बघून कित्येक वर्षं आतल्या आत भांडतोय. सार्वजनिक रस्त्यावर तुझी पाटी कशी काय बाबा? पण तो पाटी लावतो, दुसरा दगडाला चुना फासून ठेवतो, तिसरा बूड गेलेली प्लॅस्टिकची खुर्ची मांडतो, चौथा जुन्या टायरात सिमेंट ओतून मधे पाईप उभा करतो. आणि हे सगळं रात्रीत चालतं, म्हणजे खुर्ची रोज वीतभर पुढं येते. साईटवरच्या लाल कोनांचं उलटं, ते रोज वीतभर मागं जातात, दुकानवाले सरकवतात. मामा सकाळी ड्युटीवर आला की आधी कोन मोजतो मग चहा घेतो.

पाटी मी मानत नाही. टोइंगची गाडी दिसली की पळतो, पण मानतो असं नाही. पुण्याला बहिणीकडं तर पी-वन, पी-टू, विषम तारखेला या बाजूला, सम तारखेला त्या बाजूला. त्यातही ३१ तारीख आली की घोळ, कारण ३१ पण विषम आणि दुसऱ्या दिवशी १ पण विषम, एकाच बाजूवाल्यांच्या दारात सलग दोन दिवस गाड्या. बहीण महिन्याच्या शेवटी हमखास चिडलेली असते. तिचं दार त्याच बाजूला. तिथं पाटी आहे, कायदा आहे, तारीख आहे, आणि तरी भांडणं. इथं एक शिट्टी आहे, आणि मी, जो झोपेतून उठून हँडल ओढून बघतो, तो गाडी उघडी टाकून काडी बसवायला गेलो.

चहा संपला तेव्हा मिक्सर आला. मग काय विचारता, "येऊं द्या, येऊं द्या, येऊं द्या, डावं मारा, डावं, आता सरळ, येऊं द्या, बास!" आणि मिक्सर वीतभर अंतरावर बरोबर थांबला. मला स्वतःला कुणी असं येऊं द्या करायला लागलं की मी हमखास कुठंतरी घासतो, त्यामुळं मी रिव्हर्स घेताना आजूबाजूला कुणी रिकामटेकडा माणूस नाही ना हे आधी बघतो. आपल्याकडं कुणीही गाडी मागं घेताना दिसलं की चार माणसं आपोआप हात हलवायला लागतात, दोन 'या' म्हणतात, दोन 'थांबा' म्हणतात. पण मिक्सरचा ड्रायव्हर परप्रांतीय, त्याला डावं-उजवं कळत नव्हतं, तो फक्त मामाच्या हाताकडं आरशातनं बघत होता.

पत्र्याच्या फटीतनं आत बघितलं. आत काय चाललंय ते कळलं नाही, लोखंड आणि परांची. ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री हे सगळं पेटलं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्याबद्दल खूप लिहून झालंय, मी वेगळं काय लिहिणार. आमच्याकडं त्या रात्री जेवण कुणालाच गेलं नाही एवढंच.

मामाला विचारलं, नाटक बघायचा का? म्हणाला, आत कधी गेलोच न्हाई, गावाकडं सोंगी भजन बघतो. मग म्हणाला, थेटर सुरू झालं की पत्रे निघणार, पत्रे निघाले की माझी ड्युटी दुसऱ्या साईटवर. ही सावली पण जाणार, मी म्हटलं. तो म्हणाला सावलीचं सोडा, गाड्यांचं काय ते बघा. खरंच की. सगळं जसंच्या तसं होणार म्हणतात, होऊ दे, व्हायलाच पाहिजे, पण गाव काही १९१५ चं राहिलेलं नाही. पहिल्या प्रयोगाला अख्खं कोल्हापूर येणार, ते येणार टू व्हीलरवरून, आणि प्रत्येकजण हँडल लॉक करणार.

मी तर ठरवलंय, पहिल्या प्रयोगाला चालत जायचं. घरापासून दहा मिनिटं नाहीत. बायको म्हणाली, माझे गुडघे? आणि येताना पाऊस लागला तर? म्हटलं, बघू, रिक्षा करू. रिक्षा रात्री बारा वाजता तिथं कशी येणार, ती म्हणाली. ते पण खरं.