आमची वाटचाल : दगडाआधी कागद

प्राचीन ग्रीक-रोमन शिल्पांची खरेदी-विक्री करणारी आमची लंडनमधली पेढी छोटी आहे. शिल्पं मी बघते, हिशेब नवरा बघतो आणि जुनी कागदपत्रं हुडकायला एक सहकारी आहे. सध्या आमच्याकडे दाढीवाल्या रोमन पुरुषाचं संगमरवरी व्यक्तिशिल्प विक्रीला आहे, साधारण इ.स. १५०च्या सुमाराचं. अशी वस्तू विकायला असते तरी कशी, असं गावाकडची माणसं विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे आणि आमचा सगळा धंदा त्याच्याच उत्तरावर उभा आहे.

मी मूळची कोल्हापूरची. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझमूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात शाळेत असतानाच पाहिली होती. पुढे इथे लंडनमध्ये दगडी शिल्पांची दुरुस्ती करणाऱ्या एका कार्यशाळेत नोकरी केली, आणि नजर तयार झाली ती तिथे.

विक्रीला असलेलं हे डोकंच घ्या. ठसठशीत दाढी राखणारा पहिला सम्राट हेड्रियन, राज्यकाळ इ.स. ११७ ते १३८. त्याचं बघून साम्राज्यभर दाढ्या वाढल्या. त्याच्याच काळात बुबुळं दगडात कोरायला लागले, तोवर ती रंगवत असत. आमच्या शिल्पात बुबुळं कोरलेली आहेत, बटांमध्ये गिरमिटाच्या खोल चरी आहेत आणि गाल मात्र घोटून गुळगुळीत केलेले. चरींच्या तळाशी भिंग धरलं की झाडांच्या मुळांनी सोडलेल्या बारीक तपकिरी रेघा दिसतात.

नाक मूळचं नाही. सांधा एका सरळ रेषेत कापलेला आहे आणि पुढच्या दगडाचा दाणा वेगळा आहे. अठराव्या शतकात रोममध्ये बार्तोलोमेओ काव्हाचेप्पीसारखे शिल्पकार तुटकी शिल्पं अशी पुरी करून देत आणि इटलीच्या सफरीवर आलेले इंग्रज उमराव ती विकत घेत. काही गिऱ्हाइकं म्हणतात, हे नाक काढून टाका. आम्ही काढत नाही. शिल्प अडीचशे वर्षांपूर्वीच जमिनीबाहेर आलेलं होतं, याची साक्ष ते नाकच देतं.

ही साक्ष का हवी? इटलीत १९०९च्या कायद्यापासून जमिनीखालून निघालेल्या पुरावस्तूंवर सरकारचा हक्क आहे. १९७० साली सांस्कृतिक वस्तूंची चोरटी ने-आण रोखण्यासाठी युनेस्कोचा करार झाला. तरीही चोरटं उत्खनन चालूच राहिलं. १९९५ साली जिनिव्हाच्या करमुक्त गोदामावर छापा पडला तेव्हा चोरून उकरलेल्या वस्तूंचे हजारो फोटो हाती लागले. त्यातल्या कितीतरी वस्तूंवर माती तशीच होती. कबर फोडून काढलेल्या वस्तूची जागा, सोबतचं सामान, कुणाची कबर, सगळं कायमचं पुसलं जातं. मला याचा मनापासून राग येतो.

पेढी नवी होती तेव्हा एका दलालाने फ्लेवियन काळातल्या, म्हणजे पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, रोमन बाईचं डोकं आणलं. कपाळावर कुरळ्या केसांचा उंच घेर, एकेका कुरळ्याच्या मधोमध गिरमिटाचं भोक. अप्रतिम काम! कागद मागितले तर ‘जुना स्विस खासगी संग्रह’ एवढंच उत्तर. आम्ही नाही म्हटलं. हातात दुसरा सौदा नव्हता, दुकानाचं भाडं शिलकीतून भरलं. त्यानंतर आम्हाला विचारणारी गिऱ्हाइकं कमी झाली, पण जी आली ती टिकली.

भारतातली वस्तू आम्ही घेतच नाही. १९७२च्या कायद्याने पुरावस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. ओळखीची मराठी माणसंही ‘आजोबांनी आणलेली’ मूर्ती घेऊन येतात. त्यांना चहा देतो, कायदा समजावून सांगतो आणि मूर्ती परत नेण्याची विनंती करतो.

आताच्या डोक्याबरोबर एका इंग्रज घराण्याची अठराव्या शतकातली हस्तलिखित यादी आहे, १९३०च्या दशकातलं लिलावाचं सूचीपत्र आहे आणि पुढच्या मालकांच्या पावत्या आहेत. चोरीच्या कलावस्तूंची नोंद ठेवणाऱ्या आर्ट लॉस रजिस्टरचा दाखलाही जोडला आहे. कुणी चौकशी केली की किमतीच्या आधी हा संच पाठवतो. शिल्प ब्रिटनबाहेर जाणार असेल तर निर्यात परवान्याचा अर्ज आम्हीच करतो, आणि तो हाती आल्याशिवाय पेटी बाहेर पडत नाही.