‘क्षा’चे बारा बाइट

ब्राउझरमध्ये लिहायच्या आमच्या साधनाबद्दलची तक्रार एका ओळीची होती: ‘दुपारभर लिहिलेलं गेलं.’ सपोर्टने ठेवणीतलं उत्तर धाडलं, सेव्ह दाबलं नसेल. यूजरलाच खोटं पाडायची आमच्याकडे भारी घाई.

मी फोन केला. बाई अनुवादक. आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाल्या, “वर हिरव्या अक्षरांत ‘मसुदा जतन झाला’ असं दिसत होतं. मग सेव्ह कशाला दाबू?”

टाइप करताना मसुदा ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे यूजरच्याच मशीनवर, ठेवायचा आणि टॅब नजरेआड झाला की सेंडबीकनने (पान बंद होत असतानाही मागच्या मागे मजकूर धाडणारी ब्राउझरची सोय) सर्व्हरला पाठवायचा, अशी आमची रचना. पान बंद होण्याआधी ब्राउझर ‘बिफोरअनलोड’ असा इशारा देतो, पण मोबाइलवर त्याचा काही भरवसा नसतो, म्हणून ती केलेली; टेस्टिंगमध्ये कधी अडली नाही. अडणार कशी? टेस्टर ‘टेस्ट टेस्ट’ लिहून पुढे जातात.

सेंडबीकनची मर्यादा 64 केबी, म्हणजे साधारण 65 हजार बाइट. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटात बसतं. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-8 (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) तीन बाइट घेतं, आणि ‘क्षा’ म्हणजे चार चिन्हं: क, हलन्त, ष, काना. झाले बारा. 22 हजार चिन्हांच्या आसपास मर्यादा संपते. बाईंच्या मजकुराने ती त्याच दुपारी ओलांडली. त्यानंतर सेंडबीकन दर वेळी ‘फॉल्स’, म्हणजे ‘घेतलं नाही’, असं परत देत होतं आणि आमचा कोड ते बघतच नव्हता. (‘ट्रू’ आलं तरी मजकूर रांगेत लागला, एवढाच त्याचा अर्थ.) पुढच्याच ओळीत लोकल मसुदा पुसायचा, ‘बदल बाकी’चा झेंडा खाली आणि हिरवी अक्षरं वर! बाई शब्द बघायला दुसऱ्या टॅबवर गेल्या आणि तिथूनच ब्राउझर बंद केला. झेंडा खाली, त्यामुळे ‘खरंच बंद करायचं का?’ हेही कोणी विचारलं नाही.

म्हणजे जो जास्त लिहील, त्याचंच जायचं.

तो कोड रिव्ह्यूला माझ्याकडेच आला होता. जुनी कॉमेंट उघडून पाहिली: ‘व्हेरिएबलचं नाव नीट द्या.’ बाकी काही नाही.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. आता साध्या रिक्वेस्टने पाठवतो, आणि सर्व्हरची पोच आल्याशिवाय लोकल प्रत पुसत नाही. बाईंना कळवलं, त्यांनी आभारही मानले. पण आवृत्त्यांच्या नोंदीत त्यांचा मजकूर हल्ली थोडाथोडा वाढत नाही. एका फटक्यात अख्खं प्रकरण येऊन पडतं. दुसरीकडे कुठेतरी लिहून इथे पेस्ट करतात.