चार कप दुधाचे, एक कप काळा

कॉफीचं मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा मी आधी दुकानात गेले नाही. फ्रिजशेजारी टांगलेल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला आठवडाभर लिहीत राहिले: कोणी, किती वाजता, कशी कॉफी घेतली. सासूबाई सकाळी सहाला आणि दुपारी चारला, दुधाची, जायफळ घालून. नवरा ऑफिसला निघताना, दुधाची. मी दहाच्या सुमारास, दुधाचीच. लेक चार वर्षं बंगळुरूला राहून आलेली, तिला जेवणानंतर काळी, बिनसाखरेची. रोजचे पाच कप आणि त्यातले चार दुधाचे. पुढचे सगळे निर्णय त्या एका पानावरून झाले.

दुकानात सगळ्यात आधी ऐकू येतो तो शब्द म्हणजे ‘बार’, दाब मोजायचं एकक. आमच्या ठाण्यातल्या एका मोठ्या दुकानात दोन मशीनं शेजारी शेजारी मांडली होती, एकावर 15 बार लिहिलेलं, दुसऱ्यावर 20. विक्रेता म्हणाला, “वीसवालं घ्या मॅडम, जास्त स्ट्राँग कॉफी येते.” हे खरं नाही, आणि लोक केवळ त्या आकड्यापायी हजारो रुपये जास्त मोजतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. एस्प्रेसोला, म्हणजे गरम पाणी दाबाने पुडीतून ढकलून काढलेल्या छोट्या दाट कॉफीला, कॉफीच्या थरावर साधारण 9 बार दाब लागतो. खोक्यावरचा आकडा पंप जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो एवढंच सांगतो. कॉफी कडक होते ती पूड किती, किती बारीक आणि पाणी किती यावर.

माझ्या पिढीला एस्प्रेसो माहीत झाली ती लग्नाच्या हॉलमध्ये. आम्ही ‘एक्स्प्रेसो’ म्हणायचो. तो चकाकता उभा बंब, फुस्स करून येणारी वाफ, स्टीलच्या मगात उसळणारा फेस आणि वर चॉकलेटची पूड. त्या मशीनमध्ये कॉफी तयार होतच नव्हती. इन्स्टंट कॉफी आणि दूध वाफेने तापवून फेसाळायचं एवढंच त्याचं काम. खऱ्या एस्प्रेसोवरचा तांबूस थर, ज्याला लेक ‘क्रेमा’ म्हणते, तो दाबाने येतो. मिलानच्या आकिले गाज्जियाने 1938 मध्ये पेटंट घेतलं आणि पुढे दांड्याची मशीनं काढली, तेव्हा वाफेऐवजी मोठ्या दाबाचं पाणी कॉफीतून जाऊ लागलं. असं असलं तरी लग्नातल्या त्या कॉफीला मी कमी लेखणार नाही. आमच्या घराला हवी असलेली निम्मी गोष्ट, म्हणजे गरम फेसाळ दूध, त्या बंबाकडे होती.

कॅप्सूलचं, म्हणजे कॉफीची पूड भरलेल्या बंद डब्यांवर चालणारं मशीन आमच्या माळ्यावर आहे. नातेवाइकांनी परदेशातून हौसेने आणलं, कॅप्सूल संपल्या आणि तशाच इथे मिळेनात. आता पुष्कळ प्रकारच्या मिळतात, पण त्या पानाकडे बघून मी तो विचार सोडला. एका कॅप्सूलमध्ये पाच-सहा ग्रॅमच्या आसपास कॉफी असते. काळी छोटी कॉफी पिणाऱ्याला ती पुरते. पाऊण कप दुधात मात्र तिची चव हरवून जाते. शिवाय रोजच्या पाच म्हणजे महिन्याला 150 रिकाम्या डब्या. त्या कोणत्या कचऱ्यात टाकायच्या हा प्रश्न मला रोज पडला असता.

बटण दाबलं की दळण्यापासून सगळं करणारं मशीन मैत्रिणीकडे आहे आणि तिच्याकडची कॉफी चांगली लागते. पण ओला चोथा मशीनच्या पोटातच एका खणात साठतो. जुलैत ती चार दिवस गावाला गेली, आल्यावर खण उघडला तर आत पांढरी बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे मशीन रोज रिकामं करून पुसणारं माणूस घरात लागतं. ते असेल तर जरूर घ्या.

आणि ज्यांना थोडक्यात भागवायचंय त्यांनी मोका पॉट घ्यावा. अल्फोन्सो बियालेत्तीचं हे भांडं 1933 पासून जवळजवळ तसंच आहे. खाली पाणी, मध्ये पूड, गॅसवर ठेवायचं. दाब जेमतेम दीड बार, त्यामुळे एस्प्रेसो नाही, पण दुधात टिकेल इतकी दाट कॉफी नक्की. इंडक्शन असेल तर स्टीलचं बघा, अॅल्युमिनियमचं चालत नाही.

आम्ही घेतलं ते देलोंगी कंपनीचं डेडिका, पूड हाताने भरायचं एस्प्रेसो मशीन. कारण अगदी साधं. रुंदी 15 सेंटिमीटर, आणि ओट्यावर मिक्सर व फिल्टर यांच्यामध्ये तेवढीच जागा होती. लवकर तापतं आणि वाफेची नळी आहे. ते तेराशे-चौदाशे वॅट घेतं, म्हणून मी आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून तिथे पंधरा अँपिअरचा पॉइंट करून घेतला. ओट्यावरच्या साध्या पॉइंटवर असलं मशीन रोज चालवू नये असं माझं ठाम मत आहे.

आता दळण्याबद्दल. मशीनपेक्षा जास्त महत्त्वाचं हेच आहे आणि दुकानात याबद्दल कोणी बोलत नाही. सुरुवातीला आम्ही बिया मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळल्या. पातं बिया फोडतं, दळत नाही. काही पूड मैद्यासारखी, काही रव्यासारखी जाड. बारीक पुडीतून कडू उतरतं, जाड कणांतून आंबट, आणि दोन्ही एकाच कपात. मशीनबरोबर आलेली पूड भरायची जाळी दुहेरी तळाची होती. तिला तळाशी एकच बारीक भोक असतं, दाब तिथे तयार होतो, म्हणून कशीही पूड घातली तरी फेस दिसतो. लेकीने 51 मिलिमीटरची एकेरी तळाची जाळी मागवली आणि मी दातेरी पात्यांची हातचक्की. एकेरी जाळीत काही लपत नाही. पहिल्या दिवशी कॉफी बारा सेकंदांत धो धो वाहिली, चिंचेच्या पाण्यासारखी. चक्की दोन टक बारीक केली, एकोणीस सेकंद. आणखी एक टक, सव्वीस. 14 ग्रॅम पूड, 30 ग्रॅमच्या आसपास कॉफी, पंचवीस ते तीस सेकंद. हे जमलं त्या रात्री लेक ओट्याशी उभी राहून साखर न घालता प्यायली आणि कप माझ्यापुढे धरला. कडूपणाच्या मागे गुळासारखं काहीतरी होतं. इतकी वर्षं कॉफी पिऊन मला ते माहीत नव्हतं.

एका वेळी 14 ग्रॅम म्हणजे पाव किलोच्या पाकिटात सतरा-अठरा वेळा निघते. मी पाव किलोच आणते, पाकिटावर भाजल्याची तारीख बघून, चिकमगळूरची मध्यम-गडद भाजलेली. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफी या मशीनमध्ये घालू नका, ती पाण्यात चिकट होते आणि जाळी तुंबते. ती पितळी फिल्टरमध्येच छान. माझं माहेर अमरावतीचं. बाबा परतवाड्यावरून चिखलदऱ्याला गेले की तिथली कॉफीची पूड आणायचे, आणि आमच्या जिल्ह्यात कॉफी पिकते असं ठाण्याला आल्यावर मी सांगायचे, तर कोणाचा विश्वास बसेना. मेळघाटातली ती पूड अजून भाऊ पाठवतो. जाडसर असते, मशीनला चालत नाही, फिल्टरमध्ये उतरते.

पाण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. घोडबंदर रोडला उन्हाळ्यात टँकर येतात. त्या पाण्याने आमच्या गीझरच्या कॉइलवर काय थर चढतो ते मी पाहिलंय. मशीनच्या आतली वाट त्याहून कितीतरी अरुंद. म्हणून त्यात फिल्टरचंच पाणी आणि दर दोन महिन्यांनी क्षार काढायचं औषध घालून मशीन धुऊन घेते. वाफेची नळी तर प्रत्येक वेळी लगेच ओल्या फडक्याने पुसायची. दूध वाळलं की नंतर निघता निघत नाही.

दूध वाफेवर साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापवायचं, त्यापुढे फेस फाटतो आणि गोडी जाते. लेकीने हे नीट शिकून घेतलं आणि पहिला कप आजीला दिला. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “छान आहे गं, पण कोमट आहे.” साठ अंश त्यांच्यासाठी कोमटच. त्यांची कॉफी म्हणजे उकळी फुटलेलं दूध, थोडी साय, पदर धरून उचललेला पेला. लेकीने आधी स्टीलचा पेला गरम पाण्याने तापवून पाहिला, मग दूध सत्तरपर्यंत नेलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण पेला अर्धा राहिला. तिसऱ्या दिवशी मी मशीनमधून फक्त कॉफी काढली आणि दूध साखर-जायफळ घालून पातेल्यात गॅसवर उकळलं. दोन्ही एकत्र केलं. आपल्या घरात दुधाची चव उकळल्यावरच येते, आणि ती बदलायला सत्याऐंशीव्या वर्षी कोणाला का सांगावं?

आता दुपारी चारला मशीनचा पंप घरघरला की सासूबाई खोलीतून विचारतात, “जायफळ किसू का?” आणि किसणी घेऊन ओट्याशी येऊन बसतात. वाफेची नळी माझ्या आणि नवऱ्याच्या कपापुरती, पातेलं त्यांच्यासाठी.