सालाखालची खूण

वाण्याने दिलेली मोड आपण मोजतो, वाचत नाही. तळहातावर पडलेल्या चार-पाच नाण्यांचा रंग, घेर आणि वजन हाताला पटलं की मूठ मिटते. देणाऱ्याचंही तेच. गल्ल्यातल्या वाटीत त्याची बोटंच फिरतात, नजर पुढच्या गिऱ्हाइकावर असते. एकेकाळी रुपया वाजवून घ्यायची पद्धत होती, म्हणजे निदान कानाला तरी काम होतं. आता सगळा भरवसा बोटांवर, आणि बोटांना अक्षरं कळत नाहीत. जुनी आणि परमुलखातली नाणी आपल्या खिशात शिरतात ती याच फटीतून.

या फटीला आपल्याकडे २०११ साली चांगलाच हातभार लागला. रुपयाचं नवं चिन्ह असलेली मालिका त्या वर्षी आली आणि नाणी एकेक पायरी खाली उतरली. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा, वजन ४.८५ ग्रॅम. हेच माप, हेच वजन २०११ मध्ये दोन रुपयांना मिळालं. रुपया तेव्हा २२ मिलिमीटर आणि ३.७९ ग्रॅमवर आला, म्हणजे नेमका १९८८ पासून चालत आलेल्या स्टीलच्या आठ आण्याच्या अंगरख्यात शिरला. नवा आठ आणा आला तो जुन्या पावलीएवढा. तो फारसा कुणाच्या हाती लागलाच नाही. रिक्षावाल्याने दोन म्हणून दिलेला रुपया निघाला किंवा रुपया म्हणून घेतलेला आठ आणा निघाला, तर त्यात लबाडी शोधायचं कारण नाही. दोन्ही पोलादी, दोन्ही एका मापाची. बोटांनी काय ओळखावं?

मोडीत जुनं नाणं सापडायची पहिली जागा म्हणूनच ही. रुपयांच्या ढिगात संसद भवनाचा घुमट दिसला तर तो आठ आणा समजावा. तो अजून चलनात आहे, दुकानदार कितीही नाक मुरडो. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे आठ आण्यांच्या नाण्यांत दहा रुपयांपर्यंतचं देणं चुकवता येतं, म्हणजे वीस नाणी. रुपया आणि त्यावरच्या नाण्यांत हजार रुपयांपर्यंत. गेंडा असलेली चिमुकली स्टीलची पावली मात्र ३० जून २०११ पासून बाद आहे, आणि तिच्याखालची सगळी भावंडंही: चौकोनी पाच पैसे, कातरलेल्या कडांचे दहा पैसे, षटकोनी तीन आणि वीस पैसे. ॲल्युमिनियमची ती हलकी नाणी दुकानाच्या मोडीत भेटत नाहीत. त्यांचा मुक्काम देव्हाऱ्यातल्या वाटीत, शिलाई मशीनच्या खणात आणि जुन्या पर्सच्या फाटलेल्या अस्तरात.

खरी गाठ घ्यावी ती जड पाच रुपयांची. १९९२ ला आलेलं हे तांबं-निकेलचं नाणं २३ मिलिमीटरचं असूनही नऊ ग्रॅम भरतं, आणि त्याच्या जाड कडेवर मधोमध खाच आहे. पुढचं स्टीलचं आणि नंतरचं पिवळं नाणं त्याच घेराचं, पण सहा ग्रॅमचं. जुनं हाती आलं की नवं किती पोकळ वाटतं ते कळतं. त्या नऊ ग्रॅम धातूची किंमत नाण्याच्या दर्शनी किमतीला मागे टाकू लागली, तेव्हा ही नाणी सीमेपलीकडे बांगलादेशात जाऊन वितळतात आणि त्यांची दाढीची पाती होतात, अशा बातम्या आल्या होत्या. उरलेली अजूनही अधूनमधून हाताला लागतात. त्यांच्या जोडीला अकरा कोनांचं, भारताच्या नकाशाचं दोन रुपयांचं नाणं. हे २००४ पर्यंत पाडलं गेलं आणि ते ओळखायला डोळे उघडायचीही गरज नाही.

परदेशी नाणी या गर्दीत शिरतात ती मापाच्याच ओळखपत्रावर. अमेरिकेचं पाव डॉलरचं नाणं, म्हणजे क्वार्टर, २४.२६ मिलिमीटरचं आणि ५.६७ ग्रॅमचं. आपल्या जुन्या रुपयांत आणि नव्या दोन रुपयांत ते बेमालूम मिसळतं, आणि ज्याला मिळालं त्याचा दसपट फायदा करून जातं, निदान कागदावर तरी. आखातातून कोकणात सुट्टीवर आलेल्यांच्या खिशातून उतरणारा अमिरातीचा दिरहम २४ मिलिमीटरचा, त्यावर लांब चोचीची अरबी कॉफीची किटली. पिवळ्या पाच रुपयांत श्रीलंकेचे पिवळे पाच रुपये खपून जातात. घेर साडेतेवीस मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचाच फरक. त्यावर सिंहली, तमिळ आणि इंग्रजी अशा तिन्ही लिपी आहेत आणि रुपया हा शब्दही आहे, पण तो रुपया आपल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. इथे तोटा.

दोन धातूंच्या नाण्यांचा घोळ वेगळा. आपल्या दहा रुपयांची कडी पिवळी, गाभा पांढरा. एक युरोचंही तसंच, पण ते २३.२५ मिलिमीटरचं आणि आपलं २७ चं, त्यामुळे गफलत क्वचित होते. वीस रुपयांचं उलटं आहे, कडी पांढरी आणि गाभा पिवळा. दोन युरो आणि थायलंडचे दहा बात याच रंगसंगतीचे. वजनही तिघांचं साडेआठ ग्रॅमच्या आसपास. वीस रुपयांना बारा कोन आहेत म्हणून बरं, नाहीतर बँकॉकची सहल करून आलेल्यांनी वाण्याला रोज गंडवलं असतं. थायलंडवाले आणि युरोपवाले मात्र एकमेकांत फसू शकतात, कारण दहा बात २६ मिलिमीटरचे आणि दोन युरो २५.७५ चे.

परकं नाणं ओळखणं सोपं, त्याचं साल ओळखणं अवघड. नेपाळी नाण्यावर देवनागरी पाहून मराठी माणसाला आधी आपलेपणा वाटतो आणि मग तो दचकतो, कारण साल २०६४ लिहिलेलं असतं. हा विक्रम संवत. सत्तावन्न वजा करायचे, म्हणजे २००७. थाई नाण्यावर बुद्धाब्द असतो, त्यातून ५४३ वजा. अरबी नाण्यांवर बहुधा हिजरी आणि इसवी अशी दोन्ही सालं शेजारी असतात, पण दोन्ही अरबी आकड्यांत. तिथला पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

पण गंमत इथून पुढे आहे. परदेशी नाणं सापडत नाही म्हणून हिरमुसलेल्याने स्टीलचा जुना रुपया घ्यावा आणि सालाच्या खाली बघावं. तिथे बारीक चौकट असेल, पत्त्यांतली असते तशी, तर ते नाणं मुंबईच्या टांकसाळीचं. चांदणी असेल तर हैदराबादचं. गोल ठिपका नोएडाचा. काहीच नसेल तर कोलकाता. कोलकात्याने खूण न करणं हीच खूण ठेवली आहे, आणि हा रुबाब मला आवडतो.

या चारांत न बसणारी खूण दिसली की समजावं, सिंहमुद्रा असलेलं हे नाणं जन्माने परदेशी आहे. देशातल्या टांकसाळींना मागणी पुरवता येईना तेव्हा, १९८५ च्या सुमारास आणि पुन्हा नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, भारताने आपली नाणी बाहेरून पाडून घेतली. १९८५ च्या रुपयावर इंग्रजी एच दिसला तर तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. सी असलेली नाणी कॅनडातल्या ओटावाची. इंग्रजी एम आणि त्याच्या डोक्यावर इवलंसं वर्तुळ म्हणजे मेक्सिको. एम आणि के अशी जोडी स्लोव्हाकियातल्या क्रेमनित्साची. एमएमडी ही मॉस्कोची. ती पाच रुपयांच्या जड नाण्यावर शोधावी.

आणि सगळ्यात खट्याळ जोडी अशी की खूण ओळखीची, जागा अनोळखी. १९८५ च्या रुपयावर चौकट पहिल्या आकड्याखाली, म्हणजे एकाच्या पायाशी असेल, तर तो मुंबईचा नव्हे, वेल्समधल्या लॅन्ट्रिसंटचा. त्याच सालच्या पन्नास पैशांवर चांदणी मधोमध न राहता पहिल्या किंवा शेवटच्या आकड्याखाली सरकली असेल, तर हैदराबाद विसरावं, ते नाणं दक्षिण कोरियातून आलेलं आहे. दोन मिलिमीटरने खंड बदलतो. क्रेमनित्सात पाडलेल्या रुपयाचा सांगलीच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीला हातभार लागला असेल आणि कुणाला त्याचा पत्ताही नसेल.

या खुणा वाचताना फसगत होते ती मळाने आणि झिजेने. झिजलेल्या चांदणीचे कोन गेले की ती नोएडाचा ठिपका होते, चौकटीचंही तेच. ठसा मळाने भरलेला असेल तर खूण उमटतच नाही आणि नाणं कोलकात्याचं भासतं. म्हणून वरून उजेड टाकू नये. बॅटरी नाण्याच्या पातळीला आडवी धरून नाणं हळूहळू फिरवावं. उठावाची सावली पडते आणि कोन असतील तर दिसतात. दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग असलं की मोबाइलच्या कॅमेऱ्याशी झटापट करावी लागत नाही.

जोडीला चुंबक ठेवावा. आपल्याकडचे स्टीलचे रुपये चुंबकाला चिकटतात. नाशिकला किंवा पंढरपूरला पाण्यात दोरीने चुंबक सोडणारी पोरं हे कोणत्याही नाणेतज्ज्ञाआधी शिकलेली असतात. तांबं-निकेलची नाणी चिकटत नाहीत. पण निखळ निकेलचा रुपया, १९७० च्या आसपासचा, २८ मिलिमीटरचा आणि दहा ग्रॅमचा, चिकटतो. तेव्हा चिकटलं म्हणजे स्टील, असा घाईचा निकाल देऊ नये. आधी वजन करावं. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा त्यासाठी पुरतो. झिजलेलं नाणं थोडं कमी भरणारच.

एक कळकळीची विनंती. सापडलेलं नाणं चिंच-मिठाने घासू नये. तांब्याच्या नाण्यावरचा तपकिरी थर मळ नाही, तो धातूचा पिकलेला रंग आहे. तो गेला की नाणं कल्हई केल्यासारखं लखलखतं आणि संग्राहकाच्या लेखी मेलेलं असतं. फार तर साबणाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवावं, शुद्ध पाण्यात बुडवून काढावं आणि न घासता मऊ कापडावर टिपावं. धरताना कडेने धरावं. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी प्लास्टिकच्या खिशांत ठेवू नये, वर्षा-दोन वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो. जाड कागदाच्या चौकटीतले पारदर्शक कप्पे स्वस्तात मिळतात.

पैशांचं म्हणाल तर या परदेशी खुणांपैकी बहुतेकांची किंमत दर्शनी किमतीच्या फार पुढे जात नाही, कारण ती नाणी हजारांनी नव्हे, कोटींनी पाडली गेली. जुन्या पाच रुपयांचे लाखो रुपये देऊ करणारे निरोप फोनवर येतात, त्यात आधी नोंदणी शुल्क मागतात, तिथेच फोन ठेवावा. आपल्या नावाने चालणाऱ्या असल्या खरेदी-विक्रीशी काही संबंध नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. दहा रुपयांच्या नाण्यावर पंधरा किरण असले तर ते खोटं, हीही अफवाच. रुपयाच्या चिन्हाआधीच्या नाण्यांवर पंधरा किरण, नंतरच्यांवर दहा, दोन्ही खरी. परदेशी नाणं बँकेत बदलून मिळेल ही आशाही सोडावी, पैसे बदलणारे नोटा घेतात, नाणी नाही.

गोव्यात जुन्या पेटाऱ्यांतून निघणारी नाणी याहून मोलाची, निदान इतिहासापुरती. पोर्तुगीज अंमलात तिथे रुपिया आणि टांगा ही नाणी चालत. १९५८ मध्ये सहा एश्कुदूंचा एक रुपिया असा हिशेब लावून एश्कुदू आणि सेंताव्हू आले, आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर त्यांचं काम संपलं. अवघ्या तीन-चार वर्षांचं चलन. तिथल्या घरांत ते सापडतं तेव्हा ते परदेशी म्हणायचं की जुनं देशी, हे ज्याचं त्याने ठरवावं.

उलटा प्रवासही झाला आहे. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियातल्या टांकसाळींवर ताण आला तेव्हा १९४२ आणि १९४३ च्या काही पेनी मुंबईत, फोर्टातल्या टांकसाळीत पाडल्या गेल्या. राजाच्या मुखवट्याखाली इंडियाचा आय आणि मागच्या बाजूला पेनी या शब्दाच्या आगेमागे एकेक ठिपका, एवढीच खूण. मधोमध उडी मारणारा कांगारू. मेलबर्नला किंवा सिडनीला राहणाऱ्या मराठी माणसाला तिथल्या जुन्या बाजारात पेनींची परडी दिसली, तर कांगारूकडे बघू नये. नाणं उलटं करावं आणि राजाच्या गळ्याखाली बॅटरी आडवी धरावी.