अकरा म्हणजे अकराच, पण

आम्ही तिघं-चौघं नोकरी सांभाळून एक छोटं ओपन सोर्स टूल चालवतो, क्लँग या कंपायलरवर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) बांधलेलं, सी आणि सी++ चा कोड न चालवता नुसता वाचून चुका दाखवणारं. मे मध्ये एका ज्युनियरचा फोन आला, पोरगा धुळ्याचा, नोकरी पुण्यात. म्हणे, "दादा, तुमच्या टूलमुळे सॉकेटचा कोड मस्त साफ केला, डबल अटी सगळ्या उडवल्या." कोणत्या अटी रे भो, तर म्हणे एरनो (शेवटच्या चुकीचा आकडा ठेवणारी जागा) ई-अगेन आहे का किंवा ई-वुडब्लॉक आहे का (दोन्हींचा अर्थ साधारण 'आत्ता नाही, नंतर बघ'), टूल म्हणतंय दोन्ही बाजू सारख्याच.

मला घामच फुटला, आणि तो जळगावच्या उन्हाचा नव्हता. पॉसिक्स, म्हणजे युनिक्स-छापाच्या सिस्टीमचं मानक, म्हणतं हे दोन आकडे सारखे असू शकतात किंवा वेगळे, म्हणून तर शहाणी माणसं दोन्ही तपासतात. आपल्या नेहमीच्या लिनक्सवर दोन्ही ११. ही नावं म्हणजे मॅक्रो, आकड्यांची टोपणनावं; कोडची रचना वाचणाऱ्या पार्सरपर्यंत पोचेस्तोवर प्रीप्रोसेसरने त्यांच्या जागी आकडे टाकून नावं खाल्लेली असतात, पार्सरने बांधलेल्या ट्रीमध्ये उरतात दोन अकरा, आणि त्यांच्याकडे बघून टूल जे बोलतं ते खोटं नाही.

या भानगडीवर आधीच एका कॉन्ट्रिब्युटरने इलाज केलेला होता, आकडा मॅक्रोतून आला तर मॅक्रोचं नाव बघायचं, नावं वेगळी तर गप्प बसायचं. टेस्ट हिरवी. पण टेस्टमध्ये सिस्टीम हेडर, म्हणजे हे मॅक्रो जिथे खरे लिहिलेले असतात त्या फाइल, घेत नाहीत (रास्त आहे, मशीन बदललं की टेस्ट बदलायला नको), म्हणून त्याने दोन्ही मॅक्रो हाताने लिहिलेले, दोन्हींत थेट ११. खऱ्या हेडरमध्ये ई-वुडब्लॉकची व्याख्या ११ नाहीच, ती आहे ई-अगेन! म्हणजे सगळ्यात आतलं नाव विचारलं की दोन्हीकडून ई-अगेनच येतं आणि वॉर्निंग हजर. खेळण्यातल्या मॅक्रोवर टेस्ट लिहून मोकळं होणारी ही जमात मला कधीच झेपली नाही.

बरं, सगळ्यात बाहेरचं नाव घ्यावं तर लोक ही अख्खी अट स्वतःच्या मॅक्रोत गुंडाळतात, मग बाहेरून दोघांचं नाव पुन्हा एकच. शेवटी आतून बाहेरपर्यंतची अख्खी साखळीच ताडून बघितली, क्लँग प्रत्येक टोकनचा, म्हणजे कोडमधल्या सुट्या शब्दा-आकड्याचा, हा सगळा प्रवास जपून ठेवतं, कुठे लिहिलं गेलं आणि कुठे उलगडलं गेलं दोन्ही, याबद्दल त्या लोकांना मानलं पाहिजे. कुठेही फरक दिसला की टूल गप्प. कोड वीसेक ओळींचा, पण एलएलव्हीएमचा (क्लँग ज्याचा भाग आहे तो प्रकल्प) डीबग बिल्ड लिंक होताना, म्हणजे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनताना, रॅम अशी खातो की एका वेळी एकच लिंक ठेवावी लागते, त्यात दुपारी लाइट गेली, वायफाय इन्व्हर्टरवर आणि मी घामाच्या धारांत.

दुरुस्तीचा पॅच टूलमध्ये गेला. पण त्या पोराने विचारलंसुद्धा नाही की आधीच्या माणसाने दोन अटी का लिहिल्या असतील, आणि आमच्या वॉर्निंगचा सूरही असा ठाम की विचारावंसं वाटूच नये. यातलं कुणाचं किती, मला अजून ठरवता येत नाही. त्याला फोन करून सगळ्या अटी परत टाकायला लावल्या. रिव्ह्यूमध्ये त्याच्या सीनियरने लिहिलं, "दोन्ही ११ च आहेत ना, मग कशाला?"