आमची वाटचाल: भाड्याच्या तंबूंपासून तीर्थनच्या ट्राऊटपर्यंत

पुण्यात ट्रेकिंगचं सामान भाड्याने देणं हा आमचा मूळ धंदा. तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट, स्टोव्ह. आता त्यातलं बरंचसं सामान आमच्याच शिबिरांना लागतं. ही शिबिरं हिमाचलात कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन खोऱ्यात भरतात आणि तिथे काम एकच असतं: डोंगरी पाण्यात वाढलेला ब्राऊन ट्राऊट फ्लायने, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेल्या किड्याच्या नकलेने, गळाला लावायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. एवढ्या एका गोष्टीवर छोटा धंदा चालतो कसा, असं बरेच जण विचारतात. माशाच्या सोयीने चालतो. माणसं किती न्यायची, कोणत्या महिन्यात न्यायची, तंबू कुठे लावायचे, दुकानात काय ठेवायचं, हे सगळं या माशाला काय मानवतं यावर ठरत गेलं.

ब्राऊन ट्राऊट इथला मूळचा नाही. इंग्रजांनी त्याची अंडी बोटीने आणवली. काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास तो रुजला, कुल्लूत १९०९ मध्ये सोडला गेला. हिमालयाची स्वतःची स्नो ट्राऊट वेगळी, ती आपल्या रोहू-महसीरच्या गोतातली. ब्राऊन ट्राऊट तीर्थनमध्ये आता आपला आपण वाढतो, जोडीला मत्स्य विभाग बोटुकलीही (बोटभर पिल्लं) सोडतो. त्याला थंड, स्वच्छ, खळाळतं पाणी लागतं. १० ते १६ अंश सेल्सिअस तापमानात तो सुखात असतो. ५ अंशांच्या खाली सुस्तावतो आणि १९-२० च्या पुढे त्याचा जीव कासावीस होतो, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

वर्षाचं वेळापत्रक त्यावरूनच बसलं. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राऊट पकडायला बंदी असते, कारण तो अंडी घालण्याचा काळ. मादी वाळूमिश्रित बारीक गोट्यांत शेपटीने खळगा करून अंडी घालते आणि ५ अंशांच्या पाण्यात ती फुटायला साधारण तीन महिने जातात. त्यामुळे मार्चमध्ये बंदी उठली तरी अशा गोट्यांच्या पट्ट्यांत आम्ही पाय ठेवू देत नाही. काठाने चालायचं. मार्चमध्ये मासा तळाशीच असतो. एप्रिल आणि मेचा पहिला अर्धा भाग उत्तम. पुढे बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढतं, गढुळतं. तेव्हा सकाळचं काम सकाळीच उरकायचं. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आम्ही जातच नाही. मग सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर: पाणी निवळ, मासा भुकेला. म्हणजे कमाईचे महिने मोजून चार. उरलेले आठ महिने कशावर काढायचे, हा प्रश्न सुटल्याशिवाय असा धंदा सुरू करू नये, हे नव्याने उतरणाऱ्यांना आवर्जून सांगतो. आमच्याकडे ते महिने भाड्याचा व्यवहार, रॉडची (गळाच्या काठीची) दुरुस्ती आणि फ्लाय बांधणं यांत जातात.

ट्रेकची तुकडी बारा-पंधराची असली तर परवडते. इथे एका तुकडीत चारच रॉड, म्हणजे गळ टाकणारे चारच जण. ट्राऊट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून आपण खालून वर, त्याच्या पाठीमागून जायचं. एक डोह बिचकला की तो निवायला तास-दीड तास लागतो. दोन माणसांना अर्ध्या दिवसाला किलोमीटरभर ताजा ओढा हवा. जास्त माणसं नेली तर मागच्यांच्या वाट्याला घाबरलेलं पाणी येतं. त्यामुळे दर माणशी खर्च ट्रेकपेक्षा बराच जास्त पडतो आणि त्यात सूट देता येत नाही.

सामानाची निवड हळूहळू स्थिरावली. आठ फुटी, चार तुकड्यांचा, चार वजनाचा (म्हणजे चार नंबरच्या दोरीसाठी बनवलेला) रॉड. नळीत घातला की पाऊण मीटरच्या आत बसतो, विमानात आणि बसमध्ये अडचण नाही. त्यावर दोरी मात्र आम्ही पाच वजनाची लावतो. कारण असं: दोरीचं वजन पहिल्या ३० फुटांवर मोजलेलं असतं, चार नंबरला साधारण ७.८ ग्रॅम, पाच नंबरला ९.१. छोट्या ओढ्यावर पंधरा-वीस फुटांपेक्षा जास्त दोरी बाहेर पडतच नाही, त्यामुळे नेमून दिलेल्या दोरीने रॉड वाकत नाही आणि नवखा माणूस हाताने जोर लावत बसतो. एक नंबर जड दोरी लावली की तो प्रश्न मिटतो. पुढे साडेसात फुटी निमुळता लीडर (दोरी आणि फ्लाय यांच्यामधला नायलॉनचा धागा) आणि त्याच्या टोकाला दोन फूट ५एक्स टिपेट (फ्लाय बांधायचा सगळ्यात बारीक तुकडा), जाडी ०.१५ मिमी. एक्सचा आकडा ११ मधून वजा केला की जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मिळते. ५एक्स म्हणजे ०.००६ इंच. पाणी गढूळ असेल तर ४एक्स.

रॉड मोडतात ते माशाने नव्हे. गाडीच्या दारात टोक सापडतं. जोडाची पकड सैल होते आणि पुढच्याच फेकीला तिथे चीर जाते. टंगस्टनच्या मण्याची फ्लाय वेगात येऊन रॉडवर आपटते, तेव्हा दिसत नाही, पण महिन्याभराने त्याच जागी तो तुटतो. आणि मासा पायाशी आला असताना रॉड उभ्याच्याही मागे नेला की सगळा ताण शेवटच्या वीतभर टोकावर येतो. उपाय साधे आहेत: जोडाच्या नरभागावर मेणबत्ती घासायची, पाव फेरा पिळून बसवायचं, तासाला एकदा चाचपायचं. आणि धंद्याच्या दृष्टीने, प्रत्येक जातीच्या रॉडचं टोक जादा घेऊन ठेवायचं. अख्खा रॉड आणण्यापेक्षा ते फार स्वस्त पडतं.

फ्लाय आम्ही घरी बांधतो, हा धंद्याचा सगळ्यात आवडता भाग. तीर्थनवर जास्त खपणारी आहे ती १४ नंबरच्या गळावरची निंफ, म्हणजे पाण्याखालच्या किड्याची नक्कल. गळाचा उलटा काटा आधी पक्कडीने दाबून सपाट करायचा. गळ मोडायचाच असेल तर तो बांधण्याआधी मोडलेला बरा. २.८ मिमीचा टंगस्टन मणी ओवायचा, ७० डेनियरच्या दोऱ्याने पाया घालायचा, शेपटीला कोंबड्याच्या पिसाचे तीन-चार तंतू. अंगाला तेच तंतू गुंडाळायचे आणि त्यावरून उलट दिशेने तांब्याची बारीक तार. ही तार टाळली तर दुसऱ्या माशाच्या दातांनी अंग उसवतं. छातीला मोरपिसाचे दोन तंतू, दोऱ्यासोबत पिळून; नुसते गुंडाळले तर ते तुटतात. नवशिक्याची फ्लाय बिघडते ती पुढच्या टोकाला: मण्यामागे जागा उरत नाही, गाठ दाटते आणि वार्निश गळाच्या नेढ्यात जाऊन सुकतं. मग ओढ्याकाठी, गारठलेल्या बोटांनी, टिपेट काही आत जात नाही. वार्निश लावून झालं की नेढ्यातून एक पीस ओढून घ्यायचं, बस्स.

साहित्याच्या बाबतीत कायदा नीट समजून घ्यावा लागला. परदेशी पद्धतीच्या फ्लायमध्ये हरणाचे केस, फेझंट पक्ष्याची पिसं सर्रास असतात. आपल्याकडे सांबर, चितळ, मोनाल हे सगळे संरक्षित. म्हणून तरंगत्या फ्लायचे पंख आम्ही पॉलिप्रोपिलीनच्या धाग्याचे करतो आणि फेझंटच्या जागी रंगवलेली कोंबड्याची पिसं वापरतो. मासा फरक करत नाही. खोऱ्यात कोणी जंगलात पडलेलं मोनालचं पीस हौसेने आणून दिलं तरी घेत नाही. मोराची आपोआप गळलेली पिसं देशात वापरता येतात, पण निर्यातीला बंदी आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या, इंग्लंडमधल्या मराठी मंडळींनी मागितल्या तरी मोरपिसाच्या फ्लाय आम्ही पाठवत नाही.

शिबिराआधी पुण्यात मैदानावर सराव घेतो. फ्लायच्या जागी लोकरीचा गोंडा, आठ मीटरवर ताट. दोष जवळजवळ सगळ्यांचा सारखाच: मागच्या फेकीला मनगट मोडतं, रॉडचं टोक जमिनीकडे झुकतं, दोरी मागे पडते. रॉडचा मागचा भाग शर्टाच्या बाहीत खोचला की मनगट आपोआप ताठ राहतं. दुसरा दोष घाईचा: दोरी मागे पूर्ण उलगडण्याआधीच पुढे ओढली की चाबकासारखा आवाज येतो आणि फ्लाय तुटून उडते. पुढच्या फेकीत एकदम जोर लावला की टिपेटला आपोआप गाठ पडते आणि त्याची ताकद निम्म्यावर येते. अशी गाठ सोडवत बसू नये, कापून नवा तुकडा जोडावा. प्रत्येक गाठ थुंकीने ओली करूनच आवळायची. कोरडा नायलॉन घासून तापतो आणि तिथेच कच्चा होतो. रोल कास्टला, म्हणजे दोरी मागे न उडवता पुढे लोळवत टाकण्याला, पाण्याची पकड लागते, गवतावर तो नीट येत नाही, म्हणून तो खोऱ्यात पहिल्या संध्याकाळी शिकवतो. दोन्ही काठांना झाडी असलेल्या ओढ्यावर बहुतेक वेळा तोच उपयोगी पडतो.

पण लांब फेकता आलं म्हणून मासा लागत नाही. खरी मेख ओढीची आहे. आपण आणि मासा यांच्यामध्ये जोराची धार असते. दोरी तिच्यावर पडली की वाहून जाते आणि फ्लायला फरफटत नेते. खरा किडा प्रवाहाच्या वेगाने वाहतो, आडवा पळत नाही, हे ट्राऊटला पक्कं ठाऊक असतं. म्हणून जवळ जायचं, वाकून, दगडाआडून. पाच-सहा मीटरवरून फेकायचं, रॉड उंच धरायचा आणि जमेल तेवढी दोरी पाण्याबाहेर ठेवायची. मोठ्या दगडामागचं संथ पाणी, दोन धारांमधली शिवण, डोहाचं शेपूट (पाणी बाहेर पडतं तो खालचा भाग) या जागा आधी. लोक थेट डोहाच्या मधोमध टाकतात आणि शेपटातला मासा बिचकून वर पळतो, सगळ्यांना सावध करत. पोलराइज्ड (पाण्यावरची चकाकी कापणारा) चष्मा असला तर हे डोळ्यांनी दिसतं, म्हणून तो भाड्याच्या संचातच दिलेला असतो.

प्रत्येक गाईडच्या गळ्यात थर्मामीटर. पाणी १८ अंशांना टेकलं की रॉड आवरायचे, मग कोणी कितीही लांबून आलेलं असो. मासा हाताळताना आधी हात ओले, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि बुरशी धरते. जाळी रबराची. फोटोसाठी पाण्याबाहेर दहा सेकंद, त्यापुढे नाही. सोडताना प्रवाहाकडे तोंड करून धरायचा, तो स्वतः निघेपर्यंत. परवाना मत्स्य विभागाचा, ज्याचा त्याच्या नावावर. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत आम्ही फक्त चालायला जातो, वन विभागाच्या परवान्याने. रॉड खोऱ्यातल्या गुशैणी गावातच ठेवून.

बुटांबद्दल खूप मतं ऐकाल. नमदा लावलेले तळवे शेवाळी दगडांवर चांगले धरतात, पण ते लवकर वाळत नाहीत आणि एका ओढ्यातली घाण दुसऱ्यात नेतात. आम्ही खिळे लावलेले रबरी तळवे देतो. वेडर (पाण्यात उतरायचे जलरोधक पोशाख) ठेवले आहेत, कमरेच्या पट्ट्याशिवाय देत नाही. पण एप्रिलनंतर निओप्रीनचे मोजे आणि लवकर वाळणारी पँट पुरते.

मुक्कामाची जागा निवडणं हे सगळ्यात जबाबदारीचं काम. जुलै २०२३ च्या पुरांत कुल्लू जिल्ह्याची, विशेषतः शेजारच्या सैंज खोऱ्याची जी दशा झाली, त्यानंतर आमचे नियम आणखी कडक झाले. झाडांच्या बुंध्यांना अडकलेला काडीकचरा जुन्या पुराची उंची सांगतो. तंबू त्याच्या बऱ्याच वर. उपनाला जिथे नदीला मिळतो, तिथला पंख्यासारखा पसरलेला गोट्यांचा सपाट भाग मोहात पाडतो, तिथे कधीही नाही. पाणी अचानक कमी झालं तर वर कुठेतरी ओंडक्यांचा किंवा दरडीचा बांध पडलेला असू शकतो. अचानक गढूळ झालं, मातीचा वास आला, दगड गडगडल्यासारखं ऐकू आलं, तर सामान तिथेच टाकून डोंगराच्या बाजूने वर जायचं, नदीच्या कडेने खाली पळायचं नाही.

पाण्यापासून ६० मीटर अंतर शौचासाठीही आणि तंबूंसाठीही. खड्डा १५ ते २० सेंटीमीटर. रात्री थंड हवा ओढ्याच्या पात्रात साठते, म्हणून काठाजवळचा तंबू पहाटे आतून ओलाचिंब होतो. तंबूची वरची झडप थंडी वाजली तरी उघडी ठेवा. स्लीपिंग बॅगवरचा कम्फर्टचा आकडा (आरामात झोप लागेल ते तापमान) बघा, लिमिटचा (जेमतेम निभावेल ते) नको. गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, ते हिमाचलातच घेतो. दोन हजार मीटरवर पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे डाळीला कुकर हवाच. पुण्याहून नेतो ते मेतकूट आणि पिठल्याचं पीठ.

गाईड सगळे खोऱ्यातलेच आहेत, हंगामाच्या ठरलेल्या पगारावर. पाणी चढल्यामुळे दिवस वाया गेला तरी त्यांचा पगार कापला जात नाही. नाहीतर गढूळ पाण्यातही माणसं उतरवायचा मोह होतो.

नोंदणी करताना बुटाचा नंबर, उंची, चष्मा आहे का आणि रॉड कोणत्या हाताने धरणार, एवढं कळवा. चष्मेवाल्यांना वरून लावायची पोलराइज्ड काच देतो. दिल्ली-मनाली बसने येणार असाल तर औटच्या बोगद्याआधी, औटलाच उतरायचं, मनालीपर्यंत जायचं नाही; तिथून बंजारमार्गे गुशैणीला आमची गाडी येते. एप्रिलची जागा हवी असेल तर मैदानावरचा सराव फेब्रुवारीतच करून घ्या.