रोपरची ३४ नंबरची लिंकन: काम कुठवर आलंय

गाडीच्या छोट्या मॉडेलचं तोंडाकडचं काम एकदाचं उरकलं. १९४९ च्या साध्या लिंकनची आणि मर्क्युरीची बॉडी बरीचशी एकच, म्हणून १/२५ मापाची मर्क्युरीची किट घेतली. लिंकनचे दिवे मात्र आत बसलेले. त्यांच्या खोबणी पुट्टीने घडवायच्या, ओल्या पॉलिश पेपरने घासायच्या, उजेडात तिरकं धरून बघायचं, की पुन्हा पुट्टी. आता प्रायमर बसलाय, पण हवा दमट असेपर्यंत लॅकर रंगाला हात लावणार नाही.

जिम रोपर कोण, असं बऱ्याच जणांनी विचारलं. अमेरिकेतल्या कॅन्ससचा शर्यतीचा गडी. आज कप सिरीज म्हणतात त्या नास्कार या अमेरिकी मोटार शर्यतींच्या मालिकेची पहिली शर्यत १९ जून १९४९ ला शार्लटला झाली: पाऊण मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या, ३३ गाड्या. रोपरला तिची खबर लागली पेपरातल्या चित्रपट्टीतून! एका गाडीविक्रेत्याची लिंकन घेऊन पठ्ठ्या हजारावर मैल तीच चालवत गेला आणि तीच शर्यतीत उतरवली.

शर्यत संपल्याचं निशाण आधी पडलं ते ग्लेन डनावेच्या १९४७ च्या फोर्डवर. रोपर तब्बल तीन फेऱ्या मागे. पण तपासणीत फोर्डच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांशी केलेली कारागिरी उघडी पडली. चोरटी दारू वाहणाऱ्यांची ही जुनी युक्ती. भरल्या मालाने गाडी मागून बसत नाही, आणि वळणावरही हलत नाही. नियम होता, शोरूममधून निघाली तशीच गाडी हवी. डनावे बाद, रोपरला पहिला नंबर आणि २००० डॉलर. फोर्डचा मालक कोर्टात गेला, तिथेही हरला.

पुढे त्याच ऑगस्टमध्ये रोपर हिल्सबरोच्या शर्यतीत पंधरावा आला, आणि या मालिकेतली कारकीर्द तिथेच आटोपली. दोन शर्यती, एक विजय. इतर गाड्या तो पळवत राहिला, १९५५ च्या अपघातात मणका मोडेपर्यंत.

लोक याला नशीब म्हणतात. मला नाही पटत. नियमच 'स्टॉक'चा, म्हणजे कंपनीच्या मूळ गाडीचा होता आणि त्याची गाडी तपासणीत टिकली.

म्हणूनच मॉडेलही खाली बसवणार नाही. बहुतेक जण मर्क्युरी जमिनीला टेकवतात. मी मागचा ॲक्सल पॅकिंग देऊन कंपनीच्या उंचीवर आणतोय. ३४ चा आकडा डीकलने, म्हणजे चिकटवायच्या छापील चित्राने नको, ब्रशनेच काढेन, थोडा वाकडा झाला तरी चालेल. त्याआधी ग्रिल. पातळ स्टायरीन प्लास्टिकच्या पट्ट्या कापायला घेतल्यात.